साडेदोनाची साडेसाती

सोमवार, ता. ९ जानेवारी १९३३. रेवदंडा.

आजच्या साप्ताहिकात आमच्या शाळा-समितीच्या सभेचा वृत्तांत छापून आला आहे. तो समितीचे चिटणीस रा. विसूभाऊ गानू यांनी पाठविला, हे ऱ्हस्वदीर्घावरून कोणीही ओळखील. व्याकरणाच्या चुका मी समासात तांबड्या शाईने दाखविल्या आहेत. वस्तुस्थितीच्या चुका येथे दुरुस्त करतो, कारण माझ्यामागे ही दैनंदिनी कोणी वाचलीच, तर त्याला खरे काय ते कळावे.

सभा शुक्रवारी झाली नाही, शनिवारी, ता. ७ रोजी झाली. विषय 'शाळेतील हिशेबाचा तास' असा नव्हता; 'सहाव्या व सातव्या इयत्तेच्या मुलांनी गणितात काय शिकावे' असा होता. आणि तिसरी चूक सर्वांत मोठी. वृत्तांतात लिहिले आहे की, "हंगामी शिक्षक तुकाराम नाखवा यांनी साडेचार, साडेतीन, अडीच अशी उदाहरणे दिली." दिली नाहीत. तो "साडेचार, साडेतीन, साडेदोन" असे म्हणाला. मी समोर बसलो होतो आणि माझे कान अद्याप शाबूत आहेत. चिटणिसांनी दुसऱ्याच्या तोंडची चूक सुधारून छापणे, हे स्वतः चूक करण्यापेक्षा वाईट.

सभेत हशा पिकला. मी उठून म्हणालो, "साडे हा शब्द तिनाच्या खाली उतरत नाही. एकावर दीड, दोनावर अडीच. साडेएक आणि साडेदोन हे शब्द मराठीत नाहीत."

तो म्हणाला, "व्हय मास्तर. पण पोरं तसंच बोलतात. का बोलतात, ते बघायला पाहिजे."

हा तुकाराम येथल्याच कोळीवाड्यातला, चंदर नाखव्याचा मुलगा. पुण्याहून ट्रेनिंग घेऊन आला आहे. त्याचे म्हणणे असे की, पावकी, निमकी, सवायकी, औटकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांच्या पाठांतराचा तास कमी करून वरच्या इयत्तांना बीजगणित शिकवावे. आकड्यांच्या जागी अक्षरे. हेडमास्तर म्हणाले, पाया उखडू नका. व्यापारी इक्बालशेठ म्हणाले, "आमचे पोरांना हिसाब पाहिजे, हे हुरूफ, अक्षरं, कशाला?" शेवटी असे ठरले की, सहावीच्या वर्गावर त्याने प्रयोग करावा, मार्चअखेर समितीपुढे वर्गाची परीक्षा व्हावी, वर्ग नापास झाला तर जुनेच पाढे चालू राहतील आणि नाखव्याची जागाही संपेल. देखरेखीस मी. ही नेमणूक मी आपणहून मागून घेतली. एकाहत्तराव्या वर्षीही चुकीच्या शब्दावर पहारा ठेवण्याइतकी शक्ती माझ्यात आहे.

गुरुवार, ता. १२ जानेवारी.

वर्गात जाऊन बसलो. नाखव्याने फळ्यावर लिहिले : साडे अ.

मी घसा खाकरला. त्याने माझ्याकडे पाहून नमस्कार केला व पुढे चालू ठेवले.

"साडे अ म्हणजे किती?"

पुढच्या बाकावर तुळशी नावाची मुलगी आहे, मासे विकणाऱ्या गोदूबाईची. ती म्हणाली, "अ आनि वर अर्धा."

"सव्वा अ?"

"अ आनि वर पाव."

"पण अ किती?"

"आपल्याला काय करायचंय? आसंल त्यो तितका."

नाखव्याने लिहिले, साडे अ बरोबर अ अधिक अर्धा. मग अ च्या जागी नऊ घातले, पाच घातले, तीन घातले, आणि मुले साडेनऊ, साडेपाच, साडेतीन असे ओरडत गेली. त्याने दोन घातले. सबंध वर्ग एका सुरात म्हणाला, "साडेदोन."

मी उठलो व म्हणालो, "अडीच."

तुळशी म्हणाली, "साडेदोनात चूक काय हाय, मास्तर? येतं तर तेवढंच."

"चूक अशी की, तसे कोणी म्हणत नाही."

"आमी म्हनतो की."

त्यावर वर्ग हसला. नाखवा हसला नाही, हे मी त्याच्या बाजूने नमूद करतो.

शुक्रवार, ता. १३ जानेवारी.

तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात दिवस गेला. माझ्या संग्रहातील सर्व व्याकरणे उघडली. 'साडे हा शब्द तीन व पुढील संख्यांस लागतो' एवढेच सर्वत्र आहे. का, ते कोणीही लिहीत नाही. मी शिकविताना काय कारण देत असे? कारण विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती.

शुक्रवार, ता. २० जानेवारी.

आज घाईने लिहीत आहे, म्हणून अक्षर नेहमीसारखे नाही.

आठवडाभर नाखव्याकडून बीजगणिताचे पाठ घेत आहे. देखरेख करणाऱ्याला विषय ठाऊक असला पाहिजे, एवढ्याच हेतूने. आज सकाळी वाडीतून पाटाचे पाणी पाहत फिरताना एकाएकी ध्यानात आले की, बीजगणितातील अ म्हणजे सर्वनाम होय. 'तो' म्हणजे कोण, हे 'तो' या शब्दात नसते. तरी 'तो आला, त्याने छत्री ठेवली, तो गेला' हे वाक्य आपल्याला समजते. अ तसाच आहे. बरोबरचे चिन्ह हे क्रियापद. डावीकडे कर्ता, उजवीकडे विधेयपूरक. समीकरण हे वाक्य आहे. म्हणजे मी जन्मभर जे शिकविले, त्याचाच हा दुसरा खंड; आणि तो मला कोणी दाखविला नव्हता.

घरी येऊन पत्नीला, मनूला, सांगितले. ती तांदूळ निवडीत होती.

"म्हणजे नाव न घेता त्या माणसाविषयी बोलत राहायचं, असंच ना?"

"असेच."

"मग त्यात नवल ते काय? मी पंचावन्न वर्षं तेच करते आहे. 'इकडून आलं', 'तिकडून जेवण झालं', 'स्वारी रागावली'. सगळ्या गावाला कळतं कोण ते, आणि नाव काही माझ्या तोंडून निघत नाही."

"आणि उखाणा?"

"उखाण्यात शेवटी नाव येतं. अडवून धरल्याशिवाय कोणी घेतं का?"

मी पगडीही न उतरविता शाळेत गेलो. समीकरण सोडविणे म्हणजे उखाणा घेणे. इकडची तिकडची पदे दूर सारायची, दार अडवून धरायचे, आणि शेवटी अ ला आपले नाव सांगावे लागते. वर्गात हे सांगताच मुलींच्या बाकावर हसू पसरले, आणि मुलांना त्यांच्याकडून समजावून घ्यावे लागले. नाखवा म्हणाला, "मास्तर, हे पुण्यात कोणी सांगितलं न्हाय."

'नाही' असे म्हणावे, हे मी त्याला सांगितले; पण जरा वेळाने.

शुक्रवार, ता. २७ जानेवारी.

'पावणे'पाशी वर्ग अडला होता. पावणेतीन म्हणजे तीन आणि पाव, असे अर्ध्या वर्गाने लिहिले; शब्दात पाव ऐकू येतो, म्हणून तो मिळवायचा. नाखवा उणे चिन्ह समजावून थकला. मी खडू मागितला. (फळ्यावर लिहून सोळा वर्षे झाली.) लिहिले : एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. विचारले, "यात वीस आहे का?" "हाय, पन पुरता न्हाय." "किती कमी?" "एक." तर मग एकोण म्हणजे एकाने ऊन, म्हणजे कमी, आणि पाऊण, पावणे म्हणजे पावाने ऊन. जे चिन्ह तुम्हांला परके वाटते, ते तुमच्या जिभेवर आधीपासून बसले आहे. एकोणीस म्हणणारा मुलगा वजाबाकी करूनच बोलतो.

त्यानंतर पावणेतीन कोणाचे चुकले नाही. संध्याकाळी मनू म्हणाली, "आज गुणगुणणं चाललंय." मी गुणगुणत नव्हतो.

शुक्रवार, ता. ३ फेब्रुवारी.

इक्बालशेठ आले. गेल्या आठवड्यात त्यांची ईद झाली. खजुराची करंडी घेऊन आले. ते समितीचे सभासद आहेत. त्यांची गलबते पूर्वी बसऱ्यापर्यंत जात, आता मुंबई-म्हसळा करतात.

"मास्तरसाहेब, खरं बोला. दुकानात कोणी 'अ शेर तांदूळ द्या' बोलतो काय?"

मी विचारले, "शेठ, माल बंदरात लागण्यापूर्वी तुम्ही भाव बोलता की नाही?"

"बोलतो. न बोलून चालेल कसं?"

"माल किती उतरेल, किती भिजेल, ठाऊक असते?"

"ते अल्लाला मालूम."

"पण ठाऊक नसताना हिशेब मांडताच ना?"

त्यांनी करंडीतला एक खजूर उचलला. "म्हणजे जी चीज अजून आली नाही, तिच्यावर हिसाब."

"होय."

"अहो, तो तर माझा धंदा." ते हसले. मग म्हणाले, "पण साडेदोन मात्र नको हां. आमचेत बी ढाई. साढेदो बोललो तर उस्ताद कान उपटीत."

तर हा अपवाद त्यांच्याही भाषेत आहे. कौतुक वाटले, आणि कुतूहल वाढले. एकाच जागी दोन भाषा अडखळतात, तेथे जुना दगड असला पाहिजे.

सोमवार, ता. १३ फेब्रुवारी.

साप्ताहिकात मथळा : 'साडेदोनाची साडेसाती'. आत गानूंचा मजकूर. सहावीची मुले बाजारात 'साडेदोन आणे', 'साडेएक शेर' असे बोलू लागली आहेत, आणि हा भ्रष्टाचार 'व्याकरणपटू ओकमास्तर यांच्या डोळ्यांदेखत' चालला आहे. मथळा बरा आहे, हे कबूल करावे लागेल. बाकी मजकुराने मला जेवण गेले नाही.

नाखव्याला शाळेच्या ओटीवर गाठले. म्हणालो, "उद्यापासून वर्गात साडेदोन ऐकू येता कामा नये."

"मास्तर, पोरांना अडीच ठाऊक हाय. परीक्षेत अडीच लिहितील."

"मग बोलू का देतोस?"

"पोर साडेदोन बोलतं, म्हंजे नियम त्याच्या डोक्यात उतरला. कोणी शिकवला न्हाय, त्यानं आपला काढला. त्याच्यावर काट मारली, की पोर नियम काढायचं सोडतं. मग त्याला फक्त आठवायचं राहतं. मला बीजगणित त्याच नियमावर उभं करायचंय."

"आणि तुझी जागा?"

"ती बी त्याच्यावरच उभी हाय."

मी म्हणालो की, माझ्या अहवालात मला खरे ते लिहावे लागेल. तो म्हणाला, "लिहा की. तुमी खोटं लिहिलेलं कुणी बघितलंय?" ही स्तुती होती की टोमणा, हे मला ठरविता आले नाही. त्याच्या एका वाक्यात चार ग्राम्य रूपे होती आणि एकही मी सुधारले नाही.

मंगळवार, ता. २१ फेब्रुवारी.

अहवालाचा मसुदा लिहिला : 'प्रयोग बंद करावा.' तीन शब्दांचे निर्दोष वाक्य. आवडत नाही.

रविवार, ता. २६ फेब्रुवारी.

सकाळी स्नान करताना नेहमीप्रमाणे पाढे म्हणत होतो. औटकीपाशी आलो. बे औटे सात, त्रिक औटे साडेदहा, चोक औटे चौदा. आणि तांब्या हातातच राहिला.

औट. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणतात, हे मी हजारो मुलांना शिकविले आणि त्यातला शब्द एकदाही ऐकला नाही. साडेतीनला औट असा शब्द होता. 'औट हात देह' असे मनूही म्हणते. दीड म्हणजे दुसरा अर्धा. अडीच म्हणजे अर्धतृतीय, तिसरा अर्धा. औट म्हणजे अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. हे तीन सख्खे भाऊ. जुने लोक पुढल्या संख्येतून अर्धा काढून बोलत. मग कधीतरी कोणी एक मूल साडेपाच, साडेचार असे उतरत आले आणि औटाच्या जागी 'साडेतीन' म्हणून बसले. तेव्हाच्या मास्तरांनी सांगितले असेल की, साडे हा शब्द चाराच्या खाली उतरत नाही.

साडेतीन हा शब्द त्या काळचा साडेदोन होता.

अंग पुसले की नाही, आठवत नाही. कोळीवाड्यात गेलो. चंदर नाखवा दारात जाळे विणीत बसला होता. मला पाहून त्याने सुई खाली ठेवली.

"मास्तर, तुमी हिकडं? कोन मेला?"

"औट मेला," मी म्हणालो.

"अरं देवा. कोनाचा?"

"दीड आणि अडीचचा सख्खा भाऊ."

चंदर आत ओरडला, "तुकाराम, भायेर ये. ओकमास्तरांना ऊन लागलंय. पानी आन."

तुकाराम बाहेर आला. मी ओट्यावर बसून सर्व सांगितले. सांगून झाल्यावर म्हणाला, "म्हंजे साडे खाली उतरतोय. शंभर वर्षांपूर्वी चारापाशी हुता, आता तिनापाशी हाय."

"शंभर नव्हे, अधिक. पण उतरतो आहे खरा."

"आनि पोरं त्याला हात धरून उतरवतात."

हे मला सुचले नव्हते. मी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणावयास लावले.

चंदरने मागविलेले पाणी मी प्यालो. तो म्हणाला, "आमच्या तुकारामाचा पन तुमी तिसरीत एक मार्क कापला हुता नं? साडेदोनापायी. दोन दिस जेवला न्हवता."

मला काही आठवत नाही. असे मार्क मी पुष्कळ कापले. तुकाराम जाळ्यातील गाठ सोडविण्यात एकदम मग्न झाला.

पाणी कोणत्या घरी प्यालो, हे मनूने विचारले. सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं, ऊन होतं."

सोमवार, ता. २७ फेब्रुवारी.

वर्गात औटाची गोष्ट मी स्वतः सांगितली. तुळशीने विचारले, "मंग औटाला मारला कोनी?"

"तुझ्यासारख्या मुलांनी."

"तवा मास्तरांनी मार्क न्हाय कापलं?"

"कापले असतील."

"तरी पोरंच जिंकली," ती म्हणाली आणि पाटी पुसू लागली.

पूर्वीचा मसुदा फाडला. चुकीचा शब्द बोलणाऱ्या मुलाला नियम येत नाही, अशी माझी समजूत होती. त्याला नियम अधिक येतो; अपवाद तेवढा ठाऊक नसतो. हे एवढे एक वाक्य घडविण्यात मला दोन तास गेले आणि मी इतक्या आनंदात कधी लिहिले नव्हते.

शनिवार, ता. १८ मार्च.

शाळेतून येताना गानू भेटले. "मास्तर, परीक्षेत मी तुळशीला एकच प्रश्न विचारणार. पोरीने साडेदोन म्हटले की तुमचा प्रयोग आटोपला." भीती वाटली. ती माझ्यासाठी नव्हे. तुकाराम इतका कसून तयारी करून घेतो आहे की, त्याचा आवाज बसला आहे. पण साडेदोन म्हणू नका, असे तो अजूनही मुलांना सांगत नाही. मी एकदा सांगण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले.

रविवार, ता. २६ मार्च.

काल समितीपुढे परीक्षा झाली. सविस्तर लिहितो, कारण गानूही लिहितील.

मुलांनी समीकरणे सोडविली. इक्बालशेठांनी भिजलेल्या मालाचे गणित घातले; मागल्या बाकावरच्या मुलाने 'भिजला तो अ' असे धरून सोडविले. शेठ माझ्या कानाशी म्हणाले, "हा पोरगा शाळेत काय करतो? माझ्याकडे पाठवा."

मग गानू उठले. तुळशीला विचारले, "दोन आणि अर्धा. काय म्हणशील?"

तुकाराम खिडकीकडे पाहत होता.

तुळशी म्हणाली, "गिऱ्हाइकाला अडीच. फळ्यावर साडेदोन. आनि ओकमास्तर आले की परत अडीच."

अध्यक्ष मोठ्याने हसले. गानू म्हणाले, "पण खरे कोणते?"

"दोनी. अडीच म्हंजे तिनातला अर्धा काढला. साडेदोन म्हंजे दोनावर अर्धा ठेवला." तिने विचारल्याशिवायच खडू घेतला आणि फळ्यावर लिहिले : एकीकडे अ उणे अर्धा, दुसरीकडे अ उणे एक, अधिक अर्धा. "एक काढला नि अर्धा परत दिला, म्हंजे अर्धाच काढला. झालं बरोबर."

हेडमास्तर म्हणाले, "हे फक्त तिनापुरते."

"न्हाय गुर्जी. अ कोनी बी आसू दे. चार घातला तर औट आनि साडेतीन. साडेतीन तर तुमी बी बोलता."

हेडमास्तर खाली बसले. त्यानंतर मला अहवाल वाचण्यास सांगितले. मी लिहिलेला कागद खिशातच ठेवला आणि उभा राहून बोललो. पाठांतर असावे, पण थोडे. औटकी तर असावीच, कारण तिच्यात गेलेल्या भावाचे नाव राहिले आहे. मात्र या वयाच्या मुलांनी गणितात शिकावे ते हे की, अनेक उदाहरणांतून नियम आपणहून ओळखावा. ओळखलेला नियम अक्षराने, म्हणजे सर्वनामाने, बोलून दाखवावा. अक्षरामागचे नाव शेवटी काढता यावे. आणि नियम कोठे मोडतो, हे ठाऊक असावे व तो तेथे का मोडतो, हे विचारण्याचे धैर्य असावे. पहिल्या तीन गोष्टी तुकाराम नाखवा शिकवितात. चौथी मी या वर्गात शिकलो.

"आणि भाषेचे काय?" गानूंनी विचारले. ते इतिवृत्त लिहीत होते. "शुद्ध मराठीचे काय?"

मी म्हणालो, "लिहून घ्या. आजची सभा दुपारी साडेदोन वाजता सुरू झाली."

टाक थांबला. "मास्तर, अडीच ना?"

"ऐकले तसे लिहा," मी म्हणालो व खाली बसलो. मला बसताना खुर्ची नीट सापडली नाही. तुकारामाने ती पुढे केली.

मत घेतले. अध्यक्ष, इक्बालशेठ आणि मी अनुकूल. गानू व हेडमास्तर प्रतिकूल. दोन्ही इयत्तांस बीजगणित चालू, आणि तुकारामाची जागा कायम. दारात तो मला म्हणाला, "मास्तर, तुमी चुकीचं बोललात." मी म्हणालो, "तुम्ही. तुमी नव्हे, हकार पुरा ऐकू येऊ दे." तो म्हणाला, "तुम्ही."

सोमवार, ता. ३ एप्रिल.

आजच्या साप्ताहिकात वृत्तांत आला आहे. खालील दुरुस्त्या संपादकांस पाठविल्या. छापतील अशी आशा नाही, म्हणून येथे नोंदवितो.

ता. ७ जानेवारी १९३३ : पहिली सभा. ता. ६ नव्हे. हे मी पूर्वीही कळविले होते.

ता. १२ जानेवारी : प्रयोगाच्या वर्गाला मी प्रथम गेलो तो दिवस. 'जानेवारीअखेर' असे छापले आहे, ते चूक.

ता. २० जानेवारी : अक्षर म्हणजे सर्वनाम, ही कल्पना. वृत्तांतात ती सर्वस्वी माझी म्हटली आहे. इकडून-तिकडूनचा व उखाण्याचा भाग सौ. मनुबाई ओक यांचा आहे. हे नाव छापण्यास त्यांची हरकत नाही. माझे नाव तेवढे त्यांना विचारू नये.

ता. २६ फेब्रुवारी : औटाचा शोध. 'मार्चमध्ये, ग्रंथालयात' नव्हे, फेब्रुवारीत, न्हाणीघरात. 'साडे खाली उतरतो, मुले त्याला हात धरून उतरवितात' हे वाक्य माझ्या नावावर आहे. ते रा. तुकाराम चंदर नाखवा यांचे, त्याच दिवशीचे, कोळीवाड्यातील आहे.

सन १९१६, महिना व तारीख मजजवळ नाही : 'साडेदोन' हा शब्द या वादात रा. तुकाराम यांनी प्रथम उच्चारला तो इयत्ता तिसरीत. ७ जानेवारीला तो दुसऱ्यांदा उच्चारला गेला. तारीख त्यांना ठाऊक असावी. विचारली असता आठवत नाही म्हणतात.

ता. २५ मार्च : शेवटची सभा. तारीख बरोबर छापली आहे. वेळ 'अडीच वाजता' अशी छापली आहे, ती चूक. साडेदोन वाजता.